थांबल्याचा गुन्हा

गाडी थांबवली म्हणून आपण अडकलो, हे धाकट्याला पटायला नऊ दिवस लागले. थोरल्याला ते पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. थोरल्याचे केस याच शहरात गाडी चालवून पांढरे झाले होते. इथे माणूस कशानं अडकतो आणि कशानं सुटतो, हे त्याला तोंडपाठ होतं.

धाकटा बारा वर्षं परदेशात सिटी बस चालवत होता. सहा वर्षांनी तीन आठवड्यांची रजा काढून तो भावाकडे आला होता. एकटाच. मुलीची शाळा चालू, म्हणून बायको तिच्याजवळ तिकडेच राहिली. आल्यापासून सहा दिवस त्यानं स्टीअरिंगला हात लावला नाही. तो थोरल्याच्या शेजारी बसायचा आणि पाय आखडायचा. गाडी थोरला चालवायचा, ब्रेक धाकटा दाबायचा, पायाखालच्या मोकळ्या पत्र्यावर. थोरल्याला त्याची गंमत वाटायची.

"अरे, पत्रा फुटेल माझा," तो म्हणायचा. "एवढं मोठं धूड चालवतोस तिकडे, आणि भावाच्या डबड्यात बसून घामाघूम होतोस?"

सातव्या दिवशी थोरल्याला ऑफिसात थांबावं लागणार होतं. सकाळी निघताना त्यानं किल्ली धाकट्याच्या मांडीवर टाकली. "वहिनीला शाळेतून घेऊन ये. दोन किलोमीटर आहे. बारा वर्षांच्या ड्रायव्हरला जमेल ना?"

दोन किलोमीटरमधले पावणेदोन जमले.

वहिनी शाळेत गणित शिकवायची. ती शेजारच्या सीटवर बसली होती, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. दुपारचे चार वाजले होते. गणवेश शिवणाऱ्या दुकानांच्या ओळीसमोर रस्त्यावर झेब्र्याचे पट्टे होते, म्हणजे कधीतरी होते. आता बघणाऱ्याला आधीपासून माहीत असेल तरच दिसावेत इतके झिजलेले. धाकट्याला ते लांबूनच दिसले. पट्ट्यांच्या तोंडाशी एक बाई उभी होती, काखेत कपड्यांचं गाठोडं. धाकट्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"भावजी, थांबू नका," वहिनी म्हणाली. "चला, चला."

तोवर गाडी थांबली होती. मागे हॉर्न सुरू झाले. बाई मात्र जागची हलली नाही. गाडी बंद पडली असावी आणि आता हिला ढकलायला कुणाला बोलावणार, अशा नजरेनं ती बघत होती. मग धाकटा हसला आणि त्यानं तिला हात केला. तळवा उघडा, बोटं सैल, या बाजूकडून त्या बाजूला, जणू दार उघडून धरलंय. या.

बाईनं त्याच्याकडे बघितलं. गाठोडं सावरलं आणि ती खाली उतरली. चार पावलं चालली असेल. मागून पावाचे ट्रे भरलेला टेम्पो गाडीच्या बाजूनं आला आणि तिला घेऊन गेला.

ती ओरडलीसुद्धा नाही. पावाचे ट्रे मात्र नंतर बराच वेळ एकेक करून पडत राहिले.

मांडीचं हाड मोडलं, नडगी दोन ठिकाणी, डोक्याला टाके. जिवावरचं पायावर गेलं, असं सगळे म्हणाले. तिचं वय पंचावन्न. ती त्या दुकानांना काजं-बटणं करून द्यायची.

ठाण्यात फौजदारानं आधी गाडीचे कागद घेतले, मग धाकट्याचा पासपोर्ट मागून घेतला आणि तो उलटसुलट करून बघितला.

"तिकडे काय करता?"

"बस चालवतो."

"किती वर्षं?"

"बारा."

"अपघात किती?"

"एकही नाही."

"आणि इथे येऊन?"

"सात दिवस."

"हवा मानवली नाही," फौजदार म्हणाला आणि पासपोर्ट खणात टाकला. "टेम्पोवाला म्हणतो, पुढच्यानं बाईला हात केला म्हणून बाई आली. खरं का?"

थोरला ऑफिसातून तसाच धावत आला होता. त्यानं टेबलाखाली धाकट्याचा गुडघा असा दाबला की धाकट्याचं तोंड उघडलेलं तसंच मिटलं.

"आत्ता नका बोलू," फौजदार म्हणाला. त्याला गुडघा दिसला नव्हता, पण माहीत होता. "टेम्पोवाल्याचं कोण ऐकतंय. तो आपली कातडी वाचवणारच. बाई शुद्धीवर आल्या, डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्यांचा जबाब. त्या हात म्हणाल्या तर तुम्ही आरोपी नंबर दोन. वाहत्या रस्त्यात गाडी थांबवली, पादचाऱ्याला धोक्यात बोलावलं. निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. हाताचं काही निघालं नाही, तर तुम्ही नुसते साक्षीदार. सही करा, पासपोर्ट घ्या, विमानात बसा."

"निकाल किती दिवसांत लागतो?" धाकट्यानं विचारलं.

फौजदाराला हसू आलं. "दिवसांत नाही मोजत आम्ही."

भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी. गाडी ठाण्याच्या आवारात अडकलेली, मागचा दिवा टेम्पोच्या धक्क्यानं फुटून लोंबणारा. धाकटा सकाळी उठायचा, वहिनी शाळेत गेली, थोरला ऑफिसात गेला, की खुर्ची घेऊन जाळीशी बसायचा. खाली चौक होता. सिग्नल होता, पण तो आपल्यासाठी आहे असं कुणाला वाटत नव्हतं. नऊ दिवस धाकट्यानं तो चौक पाहिला. वेळच वेळ होता.

तिकडे पहिल्या वर्षी त्यानं एका म्हातारीला हॉर्न दिला होता. रागानं नाही. ती फुटपाथच्या कडेला रेंगाळत होती, तर नुसतं आजी, मी आहे, असं सांगावं म्हणून, चिमणीएवढा. तिसऱ्या दिवशी डेपोत तिचं पत्र आलं. आपला अपमान झाला, आपल्याला शिवी दिल्यासारखं वाटलं, असं तिनं दोन पानं लिहिलं होतं. डेपोच्या शिकवणाऱ्यानं त्याच्या बसच्या हॉर्नवर चिकटपट्टी लावली आणि तीन महिने ती काढू दिली नाही. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'मुका' म्हणायला लागले. ब्रेक जोरात लागला की डोक्यावरचं यंत्र टीं करून ओरडायचं आणि महिन्याच्या शेवटी कागद हातात यायचा: कुठे, किती वाजता, किती जोरात. पट्ट्यांवर थांबला नाही की कॅमेरा, दोन कॅमेरे झाले की साहेबापुढे उभं राहायचं, तिसऱ्याला लायसन जायचं. बारा वर्षांत त्याचा पाय असा तयार झाला की डोकं घरी ठेवून आला असता तरी पाय पट्ट्यांवर थांबला असता.

तिकडची माणसं सज्जन म्हणून थांबतात असं जो सांगतो, तो एक तर तिकडे राहिलेला नाही किंवा त्याला इथे येऊन शेखी मिरवायची आहे. तिकडे माणूस थांबतो कारण न थांबलेलं परवडत नाही. आणि इकडची माणसं रानटी म्हणून थांबत नाहीत, हे म्हणणाराही तितकाच थापाड्या. जाळीतून खाली बघता बघता धाकट्याला ते दिसायला लागलं. कुणीच थांबत नव्हतं, पण प्रत्येक जण वीतभर सरकत होता. हॉर्न म्हणजे शिवी नव्हती, हजेरी होती. रिक्षावाला बसला, बस सायकलला, सायकल कुत्र्याला सांगत होती, मी आहे, मी इथे आहे, आता इथे आहे. सगळ्यांना एकमेकांचा हरामखोरपणा तंतोतंत ठाऊक होता आणि त्याच भरवशावर सगळं चाललं होतं. त्यात एकच गोष्ट कुणाच्या हिशेबात नव्हती. विनाकारण कुणी थांबेल, ही. रस्त्याच्या मध्ये गाडी थांबते ती दोनच कारणांनी: बंद पडली म्हणून, नाहीतर चालवणारा मेला म्हणून. टेम्पोवाल्यानं बंद पडलेली गाडी ओलांडली. त्याच्या जागी थोरला असता तर त्यानंही तेच केलं असतं. टेम्पोत वहिनी शेजारी बसली असती तर तिनंही चला, चला म्हटलं असतं.

बाई शुद्धीवर आली आणि तिनं पहिल्या दिवसापासून एकच लावून धरलं. नर्सला, शेजारच्या खाटेला, जेवण घेऊन येणाऱ्या मावसबहिणीला, सगळ्यांना. त्या गाडीवाल्या साहेबांनी मला हात केला. राणीला करावा तसा. तीस वर्षांत माझ्यासाठी कुणी सायकल थांबवली नाही, त्यांनी मोटार थांबवली. देवमाणूस. जबाब अजून लिहून झाला नव्हता, डॉक्टरांनी शुक्रवारी या म्हणून सांगितलं होतं. पण थोरल्याच्या ऑफिसातल्या एकाची बहीण त्याच वॉर्डात नर्स होती, त्यामुळे बाईचं कौतुक रोज संध्याकाळी ताज्या भाजीसारखं घरी यायचं.

"देवमाणूस," थोरला बूट काढता काढता म्हणाला. "आणखी चार दिवस अशी स्तुती चालली, की हा देवमाणूस आत."

वहिनी टेबलाशी पेपर तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला एक सांग," थोरला म्हणाला. "थांबलास ते थांबलास. सवय म्हणू. हात का केलास?"

"ती येत नव्हती."

"येत नव्हती कारण तिला अक्कल होती."

थोरल्यानं खुर्ची ओढली आणि तो समोर बसला. लहानपणी गणित सुटलं नाही की बसायचा तसाच.

"बघ. शुक्रवारच्या आत तिला भेटायचं. गोड बोलायचं. हाताचं विसरा म्हणायचं. बाई गरीब आहे, भली आहे, ऐकेल."

"मग ती रस्त्यावर कशी आली?"

"धावत आली. माणसं येतात धावत."

"धावत आली असेल तर चूक तिची," वहिनी लाल पेन न थांबवता म्हणाली. "मग टेम्पोच्या विम्यातून तिला छदाम मिळणार नाही. पाय आयुष्यभर तसाच. काजं उभ्यानं करतात की बसून, मला माहीत नाही, पण गाठोडी चालतच पोचवावी लागतात."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी कुणाच्याच बाजूनं नाही. मी त्या गाडीत होते." आता तिनं पेन ठेवलं. "मी भावजींना चला म्हणाले होते. ते मला ऐकू येतं रात्रंदिवस. मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तेव्हा मला कुणी विचारणार नाही एवढं बघा."

थोरल्यानं उठून गॅलरीचं दार लावून घेतलं. चौकाचा आवाज कमी झाला आणि घर आणखी लहान झालं.

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला. तिकडे सकाळ होती. मागे मुलीचा डबा भरल्याचा आवाज.

"अहो, डेपोतून विचारत होते. एकवीस तारखेची ड्युटी लावून ठेवली आहे तुमची. मी म्हटलं, येतायत."

"येतोय."

"नक्की ना? कारण मी कागद वाचला. एकवीसला हजर नाही, तर नोकरी गेली. नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला. तुमचा गेला की आमचाही. मला तीस दिवसांत घर आवरायला सांगतील. हिची शाळा..."

"माहीत आहे."

"तुम्ही कशाला थांबलात पण तिथे?"

"पट्टे होते."

पलीकडे डब्याचं झाकण लागलं. ती याच शहरात वाढलेली. त्या पट्ट्यांची लायकी तिला माहीत होती.

"त्या बाईंशी बोला," ती शेवटी म्हणाली. "पाया पडा. पण या."

गुरुवारी धाकटा दवाखान्यात गेला. चालत. रस्ता ओलांडायला त्याला वीस मिनिटं लागली, कारण तो गाड्या थांबायची वाट बघत उभा राहिला. शेवटी एका शेळ्यांच्या कळपाबरोबर तो पलीकडे गेला.

वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा. बाईचा पाय वर टांगलेला, त्याला वजनं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं त्याला नखशिखांत बघितलं. "हेच का ते, हात करणारे?"

"हेच," बाई म्हणाली आणि तिच्या तोंडावर असा आनंद पसरला की धाकटा पाठ करून आणलेलं सगळं विसरला. "बसा साहेब. स्टूल डुगडुगतंय, भिंतीकडे सरकवा."

"साहेब नका म्हणू, मावशी. मी ड्रायव्हर आहे. बस चालवतो तिकडे."

"असं होय. मग मी उगीच पदर सावरत बसले." तिनं उशीवर डोकं टेकवलं. "तुमचे भाऊ परवा आले होते. दाराशीच उभे राहिले, फळं नर्सकडे दिली आणि गेले. आत यायला त्यांना कुणी हात केला नसेल."

शेजारची म्हातारी खुसखुसली. धाकटा हसला नाही.

"दुखतं का फार?"

"दुखायचं काय, पाय आपलाच आहे." ती टांगलेल्या वजनांकडे बघत होती. "तुम्हाला एक सांगू का? तीस वर्षं मी तो रस्ता ओलांडते. दिवसातून चार वेळा. कधी खरचटलंसुद्धा नाही. कसा ओलांडायचा माहीत आहे? माणसाच्या तोंडाकडे बघायचंच नाही. तोंड खोटं बोलतं. चाकाकडे बघायचं. चाक कुठे वळतंय, किती दमानं येतंय, त्यावर पाऊल टाकायचं. आणि धावायचं नाही. धावणारा मरतो. त्या दिवशी मी एकाही चाकाकडे बघितलं नाही. तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. हसत होतात ना तुम्ही."

धाकट्यानं स्टूल भिंतीला आणखी टेकवलं, मागे जागा नव्हती तरी.

"तिकडे सगळेच असे थांबतात?" तिनं विचारलं.

"सगळे."

"का?"

"कॅमेरे असतात. लायसन जातं."

"म्हणजे भीतीनं."

"सुरुवातीला. मग पायाला सवय लागते."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हता थांबलात." ती रागावली नव्हती. कापड मापात कमी निघाल्यावर शिंपी बघतो तशी बघत होती. "मी नसते आणि तिथे एखादी पिशवी उभी असती, तरी थांबला असतात."

धाकट्याला खोटं बोलता आलं असतं. तो खोटं बोलायलाच आला होता.

"थांबलो ते कायद्यानं," तो म्हणाला. "हात माझा होता."

"हात कायद्यात नाही?"

"नाही. पुस्तकात उलटंच लिहिलंय. थांबा, पण हात करू नका. माणूस आपलं आपण बघून येईल. तुम्ही बोलावलं की तो बघायचा थांबतो. परीक्षेला येतो हा प्रश्न."

"मग का करता?"

धाकट्यानं स्वतःचे हात बघितले. हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. "दिवसभर काचेमागे बसलेला असतो मी. माणसं चढतात, यंत्राला कार्ड लावतात, उतरतात. माझ्याशी कुणी बोलत नाही, बोलायचं नसतंच. पट्ट्यांवर हात केला की कुणीतरी मान वर करून बघतं. मान हलवतं. तेवढंच."

शेजारच्या म्हातारीनं कूस बदलली आणि झोपेचं सोंग घेतलं.

"म्हणजे मी तुमच्याकडे बघावं, एवढ्यासाठी," बाई म्हणाली.

धाकट्यानं मान हलवली.

"बरं. आता सांगा, उद्या काय म्हणू त्यांना?"

"मावशी, मी..."

"अहो, ज्यासाठी आलात ते बोला. कुणी फळं घेऊन येतं, कुणी रिकाम्या हातानं येतं, येतात त्याच कामाला. परवानगी नाही मिळाली परत जायची, हो ना? मुलगी आहे म्हणे तिकडे."

"आहे. अकरा वर्षांची."

"मग मी म्हणते, मला काही आठवत नाही. डोक्याला सात टाके आहेत, कोण शंका घेतंय."

"आणि तुमच्या पायाचं?"

"माझं मी बघेन," बाई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "बघायचं तेव्हा बघितलं नाही, आता तरी बघते."

शुक्रवारी दुपारी फौजदारानं बोलावून घेतलं. बाईचा जबाब झाला होता. आठवत नाही, आठवत नाही, आठवत नाही. तीन ओळींत संपला. थोरल्यानं अर्धा दिवस रजा टाकली होती. शनिवारच्या विमानाचं तिकीट त्याच्या वरच्या खिशात होतं आणि तो सारखा खिसा चाचपत होता. ठाण्याच्या दाराशी एक म्हातारा चौकटीला टेकून उभा होता. त्याची सायकल चोरीला गेली होती आणि सकाळपासून हवालदारानं त्याला तीनदा बाहेर थांबायला सांगितलं होतं.

टेबलावर पासपोर्ट काढून ठेवलेला. त्याच्या शेजारी टाइप केलेला कागद, वर पेन.

"वाचा आणि सही करा," फौजदार म्हणाला. "चहा सांगू?"

धाकट्यानं वाचलं. मी वाहनाचा वेग कमी केला असता सदर महिला अचानक धावत रस्त्यावर आली.

त्यानं पेन उचललं. सहीच्या जागेवर टेकवलं. मग ती ओळ पुन्हा वाचली.

"ती धावली नाही," तो म्हणाला.

"अरे, भाषा असते ती," थोरला म्हणाला.

"सरकारी भाषा," फौजदार म्हणाला. "आमच्याकडे सगळे धावतच येतात."

"चालत आली. चार पावलं. मी मोजली."

फौजदारानं खुर्ची मागे रेटली. थोरल्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "मी जरा बाहेर जाऊन येतो. पाच मिनिटं. तुमचं आपसात काय ते बघून घ्या. पण मी परत आल्यावर जे बोलाल, ते लिहावं लागेल मला."

तो गेल्यावर थोरला खाली वाकला आणि दात आवळून बोलायला लागला. "तिनं सोडलंय तुला. अक्षरशः सोडलंय. मी पाया पडायला गेलो होतो, मला उंबरा ओलांडवला नाही. तू नुसता जाऊन बसलास आणि तिनं सोडलं. आता तूच कशाला धरून बसलास?"

"तीस वर्षांत ती एकदाही धावली नाही, दादा."

"मग?"

"मग हे इथे राहणार. कायमचं. ती धावली म्हणून."

"आणि पोरीला मी काय सांगू? तुझ्या बायकोला काय सांगू? एका शब्दासाठी तुझा बाप घर घालवून बसला?" थोरल्याचा आवाज फाटला. "तू थांबलास हे मी समजू शकतो. बारा वर्षं पट्टा बांधून ठेवलाय त्यांनी तुला. पण आता कुठला कॅमेरा आहे इथे? कोण बघतंय?"

धाकट्यानं आजूबाजूला बघितलं. खरंच कुणी बघत नव्हतं. हवालदार नखं कापत होता. दाराशी सायकलवाला म्हातारा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होता. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणाचाही डोळा त्याच्यावर नव्हता, आणि पायाला काय करायचं ते कळत नव्हतं.

"म्हणूनच," तो म्हणाला. तेवढंच म्हणाला, कारण पुढचं त्यालाही धड माहीत नव्हतं.

फौजदार परत आला. सिगरेटचा वास आला. "काय ठरलं?"

"हात केला मी," धाकटा म्हणाला. "ती थांबली होती. मी हात केला म्हणून ती आली. ती बघत नव्हती, कारण मी या म्हटलं होतं. असं लिहा."

थोरला उठला. धाकट्याला वाटलं, दादा आता निघून जाणार. पण तो गेला नाही. खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. त्यानं तिकीट खिशातून काढलं आणि त्याची घडी घालत राहिला, आणखी एक, आणखी एक, घडी पडेनाशी होईपर्यंत.

फौजदारानं टाइप केलेला कागद फाडला नाही; नीट बाजूला ठेवला, मागची कोरी बाजू वापरता येते म्हणून. पासपोर्ट उचलून खणात टाकला, खणाला किल्ली लावली. त्याला राग आला नव्हता. वाढलेल्या कामाचा कंटाळा आला होता.

"नीट करू मग. हवालदार, लिहून घ्या. कोणता हात?"

"उजवा."

"कसा? सलाम केला, टाटा केला, काय लिहायचं? कोर्टात विचारतात हे. करून दाखवा."

धाकटा खुर्चीत ताठ बसला. डावा हात त्यानं नसलेल्या स्टीअरिंगवर ठेवला. उजवा उचलला. तळवा उघडा, बोटं सैल, या बाजूकडून त्या बाजूला. हसायचं नव्हतं त्याला, पण तो हात केला की तोंड आपोआप तसं व्हायचं.

दाराशी टेकलेला म्हातारा सरळ झाला. त्यानं टोपी काढली आणि तो तडक चालत आत आला, टेबलापर्यंत.

"आजोबा," फौजदार म्हणाला, "तुम्हाला कुणी बोलावलं?"

"यांनी," म्हातारा म्हणाला. "हात केला ना यांनी."

हवालदाराला हसू आवरलं नाही. फौजदार हसला नाही. त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं, मग धाकट्याच्या हाताकडे, जो अजून हवेतच होता.

"लिहा," तो हवालदाराला म्हणाला. "हात असा केला, की समोरचा माणूस काही न विचारता आला."

हवालदार लिहायला लागला. धाकट्यानं हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.